अर्ध्यात उचललेलं ताट

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि मी तेहतीस वर्षं लोकांना मटण आणि वाइन वाढली. दोन्हींतलं काही कधी जिभेला लावलं नाही. हे सांगितलं की माणसं आधी हसतात, मग म्हणतात, "दत्तूभाऊ, आता रिटायर झालात, आता तरी खरं सांगा." खरंच सांगतोय. गंमत अशी की मला नोकरी मिळाली तीच या माळेमुळे.

पंचवटीत आमचा भाजीचा गाळा होता. तिथे मार्थाबाई बटाटे घ्यायला यायच्या. गोऱ्यापान, उंच, अंगावर सुती साडी, पायात कोल्हापुरी, आणि मराठी थेट नाशिकच्या सासूबाईंकडून शिकलेली. एकेक बटाटा हातात घेऊन उलटसुलट बघायच्या, म्हणून माझा भाऊ त्यांना लांबून पाहिलं की आत जाऊन बसायचा. मग मीच पुढे. एकदा बटाटे निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तू मटण खातोस?" मी माळ दाखवली. "दारू?" मी कानाला हात लावला. "मग उद्यापासून माझ्याकडे कामाला ये," त्या म्हणाल्या. "आधीचे तिघं माझं मटणाचं गुलाश चोरून खात होते."

बाई ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या. यजमान नाशिकचे. ते यंत्रांचं शिक्षण घ्यायला तिकडे गेले आणि येताना बाईंना घेऊन आले. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. माहेरी परत जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाईंनी काय करावं, तर गंगापूर रोडवरच्या जुन्या बंगल्याच्या पुढच्या खोल्यांमधल्या भिंती पाडल्या, नऊ टेबलं मांडली आणि स्वतःच्या आजीच्या हातचे पदार्थ लोकांना खाऊ घालायला सुरुवात केली. पाटीवर नुसतं 'मार्था' लिहिलेलं होतं. नाशिककर मात्र त्याला घड्याळवालं हॉटेल म्हणायचे.

ते घड्याळ दारासमोरच्या भिंतीवर होतं. लाकडी, लंबकाचं, बाईंच्या माहेराहून आलेलं. त्यात बाईंच्या गावची वेळ चालायची. उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिकडे वर्षातून दोनदा अख्खा देश आपली घड्याळं तासभर पुढेमागे करतो. त्यामुळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारची गर्दी ओसरली की बाई स्टुलावर चढायच्या, मी स्टूल धरायचो आणि काटे फिरायचे. नवीन गिऱ्हाईक दुपारी एकला यायचं, भिंतीवर साडेनऊ बघायचं, मग मनगटाकडे बघायचं आणि मला म्हणायचं, "सेल गेलाय वाटतं." मी म्हणायचो, "चावीचं आहे साहेब. बरोबर चाललंय. फक्त इथलं नाही."

आत पाऊल टाकलं की बाहेरचा रस्ता कुठे जायचा ते कळायचं नाही. प्रत्येक टेबलावर खाली सोडलेला पितळी दिवा, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर बर्फातल्या घरांचे जुने फोटो. थंडीत सूपच्या वाफेने खिडक्यांच्या काचा धुरकटायच्या आणि बाहेरची माणसं, रिक्षा, पेरूची हातगाडी सगळं नुसतं हलणाऱ्या रंगांसारखं दिसायचं. मोठमोठ्याने बोलत आलेली माणसं टेबलाशी बसेपर्यंत आपोआप हळू बोलायला लागायची. लंबकाचा आवाज तेवढा स्पष्ट. दुपारी झोप पुरी न होता जाग आली, तर घर आपलंच असूनही घटकाभर ओळखू येत नाही, तसं मला तिथे तेहतीस वर्षं वाटत राहिलं. आणि मला ते आवडायचं. घरी जाताना पंचवटीच्या गल्लीत शिरलो की कुणीतरी हॉर्न मारायचं, तेव्हा कुठे मी नाशकात यायचो.

वेटरचं काम म्हणजे ताटं न्यायची-आणायची, असं लोकांना वाटतं. ते हमालाचं काम. वेटरचं काम बघण्याचं. मला तर दुसरा इलाजच नव्हता, कारण चव ठाऊक नाही. तरी मी बिनदिक्कत सांगायचो, "आज श्नित्झेल घ्या साहेब." श्नित्झेल म्हणजे मांसाचा तुकडा ठोकून ठोकून पातळ करायचा आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा. तो आज चांगला झालाय हे मला कशावरून कळलं? आधीच्या टेबलावरच्या चेहऱ्यांवरून. पहिल्या घासाला ज्याच्या भुवया वर गेल्या त्याला मीठ जास्त लागलं. ज्याने डोळे मिटले त्याला आवडलं. आणि जो लगेच "व्हेरी नाइस" म्हणाला, त्याला अजिबात आवडलं नाही.

एक निवृत्त इंजिनिअर दर रविवारी यायचे. श्नित्झेल मागवायचे आणि मांडीवरच्या नॅपकिनखाली खिशातली छोटी स्टीलची डबी उघडायचे. डबीत मिरचीचा ठेचा. मी पाहिलं. पुढच्या रविवारपासून त्यांच्या उजव्या हाताशी एक रिकामी बशी ठेवायला लागलो. एकदा बाईंनी ते बघितलं. त्या टेबलापाशी गेल्या, डबीतला ठेचा बोटावर घेतला, चाखला आणि डोळे पुसत आत निघून गेल्या. इंजिनिअरसाहेबांचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी बाईंनी स्वतः पाट्यावर वाटलेला ठेचा चांदीच्या वाटीतून पाठवला. मेनूत तो कधी लिहिला गेला नाही. ज्याला हवा त्याने माझ्याकडे नुसतं बघायचं, एवढंच.

या बघण्यातलं सगळ्यात बारीक काम म्हणजे काटा-सुरी. गिऱ्हाइकाने काटा आणि सुरी प्लेटमध्ये एकमेकांवर तिरकी ठेवली, तर अर्थ असा की मी थांबलोय, अजून जेवायचंय. दोन्ही शेजारी शेजारी, सरळ ठेवली, तर झालं, उचला. तिकडे हे लहान पोरांनाही कळतं. इकडे ज्यांना ठाऊक नसायचं ते काटा-सुरी कशीही टाकायचे, आणि टाकलेलं आणि ठेवलेलं यातला फरक मला कळायचा. "चांगला वेटर 'झालं का?' असं विचारत नाही," बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "विचारणं म्हणजे घाई करणं." मी कधीच विचारलं नाही. खोलीच्या या टोकापासून मला नऊ टेबलांवरचे काटे दिसायचे. ते शेजारी शेजारी पडले की माझा हात पोचलाच. प्लेट गेली हे गिऱ्हाइकाला ती गेल्यावर कळायचं. याचा मला इतका गर्व होता की विचारू नका. तो कसा उतरला ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

दिंडोरीकडच्या एका वायनरीत प्राजक्ता नावाची मुलगी कामाला होती. द्राक्षाचा रस तपासायचा, कुठला प्लॉट कधी तोडायचा ते ठरवायचं, असं तिचं काम. वायनरीतल्या पाहुण्यांना घेऊन ती आमच्याकडे यायची आणि त्यांना सोडून आत बाईंशी गप्पा मारत बसायची. तिचे वडील दिंडोरी तालुक्यातलेच, अण्णा म्हणायचे सगळे त्यांना. स्वतः जुने द्राक्षबागायतदार, पण खायच्या द्राक्षांचे. मुलगी वाइनच्या कामात आहे हे त्यांना पचलेलं नव्हतं. पाहुण्यारावळ्यांत ते सांगायचे, पोरगी ज्यूसच्या कंपनीत आहे.

बाईंच्या चुलतभावाची त्यांच्या गावात द्राक्षाची बाग होती, घरची वाइन होती. बाईंनी त्याला पत्र लिहिलं आणि त्याचं उत्तर आलं की मुलीला वर्षभर शिकायला पाठवा. प्राजक्ता आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. प्रश्न एकच राहिला, अण्णांचा. मी म्हटलं, "अगं, सव्वीस वर्षांची आहेस. हट्टाने जा." ती म्हणाली, "काका, ते हो म्हटल्याशिवाय मी विमानात बसले तरी पोचणार नाही."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरच्या मध्यावरचा शनिवार. प्राजक्ता मुद्दाम मला भेटायला आली. "उद्या अण्णांना इथे जेवायला आणते. जेवता जेवता विचारणार आहे. काका, त्यांना इथे परकं वाटायला नको. एवढं सांभाळून घ्या." मी म्हटलं, "माझ्यावर सोड."

रविवारी अण्णा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी हातात. घड्याळाकडे बघून म्हणाले, "बंद पडलं का हे?" मी सांगितलं, बाईंच्या माहेरची वेळ आहे. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. बायामाणसं माहेरचं कायतरी संगं आणतातच." मला माणूस आवडला.

प्राजक्ताने गुलाश मागवलं. मटणाचा दाट रस्सा, लाल मिरचीचा रंग भरपूर आणि तिखटपणा नावाला नाही, सोबत शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. जिच्यासाठी ती स्वतः राबली होती, त्या वाइनचा ग्लास अण्णांनी आधी हुंगला, मग ओठाला लावला. "आंबट हाय." थोडं थांबून म्हणाले, "पण द्राक्षाचा वास राहिलाय." मुलीच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. आठवडाभर तिने त्यांच्याकडून घरी काटा-सुरी धरण्याचा सराव करून घेतला होता. अण्णा हळूहळू, नेटाने कापत होते. त्यांना ते जमत होतं. मी समाधानाने खिडकीजवळच्या टेबलाकडे वळलो.

तेवढ्यात प्राजक्ताने ग्लास खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. मला तिचे शब्द ऐकू येत नव्हते. मला दिसत होते ते अण्णांचे हात. त्यांनी सुरीचं टोक प्लेटच्या कडेला पुसलं, काटा आणि सुरी शेजारी शेजारी, अगदी नीट, सरळ ठेवली आणि हात मांडीवर घेतले. टाकली नाहीत, ठेवली. मी तीन पावलांत पोचलो आणि प्लेट उचलली.

प्लेटमध्ये अर्ध्याहून जास्त जेवण होतं. ते मला दिसलं. मनात आलं, खेड्यातल्या माणसाला हे अळणी जेवण गेलं नसेल. अण्णांनी वर माझ्याकडे पाहिलं. इतके चेहरे वाचले मी, पण तो चेहरा बघितला आणि तसाच पुढे गेलो. प्राजक्ताचं वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं. मी सफरचंद आणि बेदाणे घातलेला स्ट्रुडल घेऊन आलो, तर अण्णा म्हणाले, "नको." मग उठले. "चल पोरी, बागेत बाया आल्यात कामाला." जाताना मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो नमस्कार मला नंतर फार छळत राहिला.

मंगळवारी प्राजक्ता एकटी आली. बसली नाही. "काका, घरी गेल्यावर अण्णांनी पिठलं-भाकरी मागून घेतली आणि मुकाट्याने जेवले. मी म्हटलं, भूक होती तर तिथे बोलला का नाही? तर म्हणाले, ताट गेल्यावर मागू का? भिकारी हाय का मी?" मग तिने बाकीचं सांगितलं. घरी वर्षभराच्या शिक्षणाचं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "ज्या लोकांत माणसाच्या पुढचं भरलं ताट न विचारता उचलतात, त्या लोकांत माझी पोरगी एक वर्ष काय, एक दिस राहणार नाय."

मला आधी रागच आला. मी काही चुकलो नव्हतो. काटा-सुरी शेजारी होती, नियम नियम आहे. पण रागाचा जोर दुपारपर्यंतच टिकला. आपल्याकडे वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवू नये म्हणतात. माझ्या आईने दारात आलेल्या भांडखोर भाडेकरूलाही आधी जेवू घातलं होतं. आणि मी, गळ्यात माळ, हातावर पांढरा नॅपकिन, एका भुकेल्या माणसाचं ताट हसतमुखाने काढून घेतलं होतं. वर त्याच्या मुलीचं वर्ष गेलं ते वेगळं. मी बाईंना सगळं सांगितलं.

बाई भांड्यांजवळच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले, त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. सासूबाईंनी पुरणपोळी केली होती. आमच्या गावात ताट रिकामं केलं की यजमानाचा मान राखला म्हणतात. मी रिकामं केलं. त्यांनी वाढलं. मी पुन्हा संपवलं, त्यांनी पुन्हा वाढलं. त्या म्हणत असतील, काय खाते ही पोरगी. मी मनात म्हणतेय, कधी थांबणार ही बाई. सात पोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी डॉक्टर. ताटावर हात आडवा धरायचा असतो, हे कुणी मला सांगितलंच नाही." त्या हसल्या नाहीत. "विचारलं नाही, ही चूक आहे दत्तू. आणि विचारू नको असं तुला मीच शिकवलं. उद्या हॉटेल बंद. आपण दिंडोरीला जाऊ."

इतक्या वर्षांत बाईंनी बुधवारी हॉटेल बंद ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही गाडी केली. गाडीत मी माफीची वाक्यं जुळवत होतो आणि बाई खिडकीतून बागा बघत होत्या. छाटणीचे दिवस होते. वेली उघड्याबोडक्या, ओळींमधून छाटलेल्या काड्यांचे ढीग, आणि हातमोजे घातलेल्या बाया एकेका काडीच्या डोळ्यांना, फुटवा यावा म्हणून, पेस्ट लावत चाललेल्या. सगळं करडं, शांत, आणि वर कोवळं ऊन. "आमच्याकडे बर्फ पडल्यावर बागा अशाच दिसतात," बाई म्हणाल्या.

अण्णा बागेच्या कडेला उभे होते. आम्हाला बघून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "आधी जेवा. मग बोलू."

ओसरीवर सतरंजी टाकली. बाईंसाठी खुर्ची आणली, पण गुडघे दुखत असूनही त्या खालीच बसल्या. अण्णा स्वतः वाढायला उभे राहिले. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, ठेचा, वर ताक. आत प्राजक्ताची आई, काकू, भाकऱ्या थापत होत्या, प्राजक्ता त्यांच्याजवळ. वाकून वाढताना अण्णांना माझी माळ दिसली.

"माळकरी हाय का तुम्ही?"

"हो."

"आणि मटण वाढता?"

"वाढतो. खात नाही."

"मग तुम्हाला काय कळणार, मी जेवलो का नाय," अण्णा म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

लग्नकार्य सोडलं तर मला कुणी असं उभं राहून वाढल्याला कित्येक वर्षं झाली होती. वाढलेलं सगळं जेवलो. मग उठून ढिगातल्या दोन काड्या आणल्या आणि सतरंजीवर अण्णांसमोर ठेवल्या. एकमेकांवर तिरक्या. "अण्णा, अशी काटा-सुरी ठेवली तर अजून जेवायचंय." मग शेजारी शेजारी केल्या. "अशी ठेवली तर झालं, उचला. तिकडची रीत आहे. मला वाटलं, तुम्ही उचला म्हणताय."

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"आमच्यात हत्यार फेकत नाय," ते म्हणाले. "छाटणीची कात्री ठेवायची तरी नीट ठेवायची. त्या दिवशी पोरगी कायतरी मनातलं बोलाया लागली. हातात सुरी धरून लेकराचं कसं ऐकायचं? म्हणून म्हटलं, खाली ठेवू. नीट ऐकू."

"चुकलं माझं," एवढंच मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "अण्णा, तिचं ताट तिकडे कुणी उचलू नये, म्हणून काय काय करायचं ते सगळं मी शिकवून पाठवेन. मला इकडे येताना कुणी शिकवलं नव्हतं."

अण्णा त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा गाडीपर्यंत आले आणि मला म्हणाले, "माझं अर्धं जेवण तुमच्याकडं राहिलंय. ते जेवाया येईन."

आले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दीड वाजता. भिंतीवर दहा. या वेळी काकूही होत्या, डोक्यावर पदर, नजर त्या बर्फाच्या फोटोंवर. तेच टेबल, तेच गुलाश. निम्मं जेवण झालं आणि अण्णांनी काटा-सुरी एकमेकांवर तिरकी ठेवली, मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं, आणि मग मुलीकडे वळून म्हणाले, "बोल."

ती बोलत राहिली. गुलाश गार होत गेलं. बाईंनी दारातून दोनदा डोकावून पाहिलं. गार गुलाश हे त्यांच्या लेखी मोठं पाप. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. हळूहळू बाकीची टेबलं रिकामी झाली आणि खोली इतकी शांत झाली की मला ऐकू यायला लागलं. राहणार कुठं? काय खाणार? तिथं छाटणी कोण करतं, बाया का गडी? सगळ्याची उत्तरं तिने दिली. मग अण्णांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "हे बर्फ वेलींवर पण पडतं?"

"पडतं अण्णा."

"मग मरत नाय वेली?"

"नाही. झोपतात. वसंतात उठतात."

अण्णांनी काटा-सुरी पुन्हा हातात घेतली आणि गार झालेलं गुलाश शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, "व्हेरी नाइस" म्हणाले नाहीत. नुसते जेवले. सुरी अजून हातातच होती तेवढ्यात बाई स्टूल घेऊन आल्या. अडीच वाजले होते, घड्याळ मागे घ्यायचा तो रविवार होता आणि बाईंना थांबणं कधी जमलंच नाही. त्या स्टुलावर चढायला लागल्या तसे अण्णा काटा-सुरी प्लेटमध्ये तिरकी ठेवून उठले आणि माझ्यासोबत त्यांनी स्टूल धरलं. अकरा वाजले होते, त्याचे दहा झाले.

अण्णांनी वर बघितलं. "आम्ही आलो तव्हा बी दहाच वाजले होते."

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे वेळ गेलाच नाय." बाई खाली उतरल्या तसा त्यांनी स्टुलावरचा हात काढला. मग जागेवर जाऊन बसले. काटा उचलला, सुरी उचलली आणि दोन्ही शेजारी शेजारी, अगदी सरळ ठेवली. हात मांडीवर घेतले.

"उचला, दत्तूभाऊ."

प्राजक्ताला माझ्याआधी कळलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी प्लेट उचलली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून सुरी खाली पडली.

प्राजक्ता जानेवारीत गेली. एका वर्षाची तीन झाली. चुलतभाऊ थकले, बाग आता तीच बघते. फोनवर बोलते, फोटो पाठवते, येईन म्हणते. अण्णा याबद्दल कधी काही बोलले नाहीत. बाजाराला नाशकात आले की आमच्याकडे यायचे, जेवायचे नाहीत. टोपी हातात घेऊन घड्याळासमोर उभे राहायचे. "साडेआठ. उठली असंल," असं काहीतरी म्हणायचे आणि जायचे. त्या दिवशी मी प्लेट उचलली नसती, तर कदाचित अण्णांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं आणि पोरगी आज दिंडोरीत असती. मी तिच्यासाठी चांगलं केलं की अण्णांसाठी वाईट, ते मला आजही सांगता येत नाही. रात्री माळ हातात घेतली की हे आठवतं.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे पार गेले आणि 'मार्था' बंद झालं. टेबलं गेली, दिवे गेले. घड्याळ बाईंनी उतरवून कापडात गुंडाळलं आणि माझ्यासोबत दिंडोरीला पाठवलं. मी विचारलं, "बाई, तुम्हाला नको?" त्या म्हणाल्या, "मला आता इथलीच वेळ पुरते, दत्तू. त्यांना लागेल."

घड्याळ आता अण्णांच्या ओसरीवर आहे. वर्षातून दोनदा काटे फिरवायला मी जातो. मी स्टुलावर चढतो, अण्णा स्टूल धरतात. मग काकू पानं घेतात आणि अण्णा उभं राहून मला वाढतात. माझं जेवण होतं, बोटं ताटात सुकतात, बागेवरून वारा येतो आणि लंबकाचा आवाज येत राहतो. अण्णा समोर येऊन वाकतात आणि विचारतात, "दत्तूभाऊ, उचलू का?"

ताट रिकामं असतं, पोट भरलेलं असतं. तरी मी दर वेळी म्हणतो, "थांबा जरा."

अण्णा थांबतात.